फिल्म-तपासणी: ठीक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. देवास

धवलची मेल. तिसरी! या वेळी गोड बोलणं संपलंय, सरळ विचारतोय — "मॅडम, फिल्म-तपासणीची मूळ फाइल मिळेल का? पेपरात फक्त 'तपासून पाहिलं' एवढंच आहे."

मिळेल की. असती तर मिळाली असती.

या मुलाला मी कधी पाहिलेलंही नाही. पुण्याचा, परदेशात पीएचडी करतोय. माझ्या पेपरातला आकडा उचलला आणि त्यावर स्वतःचा अख्खा प्रयोग उभा केला. दोन वर्षं रांगेत थांबल्यावर त्याला लेझरवर पाच दिवस मिळाले. जे दिसायला हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी दिसलं. आता त्याचे गाइड म्हणतात, सॅम्पल तूच बिघडवलंस. डिसेंबरमध्ये त्याची समिती बसणार आहे, पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवायला.

उत्तर लिहिलं — "शोधते, जुन्या डिस्क बघाव्या लागतील."

काय सहज लिहिते मी!

४ नोव्हेंबर

क्लासमध्ये अपवर्तन शिकवलं. मुलांनी विचारलं, मॅम, ये एग्जाम में आएगा क्या? मी म्हटलं, आएगा. ते सोडून मला तरी काय येतं आता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सांगून टाकते. वहीलाच. हिला तोंड नाही, बरंय.

मार्च २०२२. आमच्या गटाला फ्री-इलेक्ट्रॉन लेझरवर पाच शिफ्ट मिळाल्या होत्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात. जमिनीखाली लांबलचक बोगदा, त्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाऊन धावतात, चुंबकांच्या रांगांमधून नागमोडी जातात आणि एक्स-रेचे एवढे छोटे ठोके सोडतात की एका ठोक्यात अणूलासुद्धा कूस बदलायला वेळ मिळत नाही. आमचं काम — शेवटच्या चुंबकांनी तो एक्स-रे मळसूत्रासारखा गोल फिरवायचा, आणि किती टक्के गोल फिरला ते मोजायचं.

मोजायला दोन गोष्टी होत्या. पहिली अंजूची बांगडी. सोळा डिटेक्टरांचं कडं, मध्ये थोडासा गॅस. एक्स-रे गॅसवर पडला की इलेक्ट्रॉन उडतात आणि कुठल्या बाजूला किती उडाले ते सोळाजण मोजतात. एक्स-रे एकाच रेषेत हलत असेल तर समोरासमोरच्या दोन बाजूंना गर्दी. गोल फिरत असेल तर सोळाही जागी सारखे. बांगडी हे नाव अंजूनंच ठेवलं, आणि आठवड्याभरात अख्खी कंट्रोल रूम, गोरे लोकसुद्धा, "बंगडी, बंगडी" करायला लागली.

पण बांगडीला एक खोट आहे. आत नुसता गोंधळ असला, प्रत्येक ठोका वेगळ्याच दिशेला हलत असला, तरी सरासरीत सोळा जागी सारखेच आकडे येतात. म्हणून दुसरी गोष्ट, फिल्म. चुंबकी धातूचा पातळ पापुद्रा. त्याच्यावरच्या चुंबकाची दिशा उलटी केली की गोल फिरणारा एक्स-रे कमी-जास्त शोषला जातो. गोंधळाला ती भीक घालत नाही. तासाभराचं काम.

पाचव्या शिफ्टला यादीत होतं: फिल्म-तपासणी.

आमच्या गटात एक पद्धत होती. शिफ्ट संपताना पुढचा गट दारात उभा असतो, दहा मिनिटांत सगळं सोपवायचं असतं. म्हणून दिवसाची यादी लॉगमध्ये आधीच उतरवायची, प्रत्येक ओळीपुढे "ठीक" लिहून ठेवायचं, आणि काही बिनसलं तर नंतर बदलायचं. सगळेच करायचे. मीही केलं. त्या दिवशी पावणेदहाला बीम, म्हणजे बोगद्यातला झोतच, बंद पडला. रिकामं बसण्यापेक्षा म्हणून अकरा-बावन्नला मी लॉग भरून टाकला. फिल्म-तपासणी: ठीक.

बीम सव्वातीनला आला. प्रोफेसर म्हणाले, फिल्म राहू दे, मुख्य मोजमाप पुरं करा, बांगडीवर सगळं स्वच्छ गोलच दिसतंय. आणि दिसत होतंच! पावणेसहाला ते झालं. ते खूश होते, मला जेवायला घेऊन गेले. अंजू त्या दिवशी दुपारीच आली होती, ती मागे थांबली, सामान बंद करायला.

ती ओळ मी बदलली नाही. जेवताना त्यांनी विचारलं, लॉगमध्ये "ठीक" दिसलं, म्हणजे फिल्म सकाळीच झाली होती का? त्यांच्या लक्षातच नव्हतं बीम कधी गेला ते. मी म्हटलं, हो.

एवढंच. एक "हो".

९ नोव्हेंबर, रविवार

इंदूरहून मुलाखतीचं पत्र. १० डिसेंबर. कायमची जागा! आईनं पत्र देवापुढे ठेवलं, मग साखर ठेवली, मग माझ्या हातावर साखर. चौतीस वर्षांची घोडी मी, क्लासमध्ये "मॅम" आणि घरात बेकार. या जागेसाठी माझ्याकडे दाखवायला एकच गोष्ट आहे, तो पेपर. शहाण्णव टक्के गोल. शिफारस प्रोफेसरांची.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आत काही नाही हे मला माहीत आहे.

११ नोव्हेंबर

लॉग आजही ऑनलाइन आहे. उघडून पाहिला. नोंदीपुढे वेळ आपोआप पडते: ११:५२. शेजारच्या पानावर मशीनची स्वतःची नोंद: बीम बंद, ९:४४ ते १५:१५.

कुणीही दोन पानं शेजारी ठेवली तर दिसेल. साडेतीन वर्षांत एकानंही ठेवली नाहीत. परीक्षकांनी नाही, प्रोफेसरांनी नाही. धवलनंसुद्धा नाही — तो बिचारा माझ्याकडे फाइल मागतोय!

१२ नोव्हेंबर, बुधवार

विचार केला, तपासणी झाली नाही म्हणजे आकडा चुकीचा आहे असं थोडंच आहे? परीक्षा दिली नाही म्हणून माणूस नापास होतो का? (होतो. मीच मुलांना सांगते.)

तरी. बांगडीचा सगळा जुना डेटा डिस्कवर आहे, एकेका ठोक्याचा वेगळा. तेव्हा आम्ही हजारो ठोके एकत्र करून सरासरी काढली. आता एकेक ठोका सुटा करून बघणार. गोल असेल तर सुट्या ठोक्यातही गोल दिसेल. दिसला तर मी धवलला मान ताठ करून लिहीन.

दिसू दे रे देवा.

१३ नोव्हेंबर

लॅपटॉप इतका तापतो की त्याखाली पोळपाट ठेवलाय. आईनं बघितलं आणि पोळ्या ताटावर लाटल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नाही दिसला.

सुटा ठोका घेतला की दोन बाजूंना गर्दी. पुढचा घेतला — गर्दी आहेच, पण दिशा वेगळी. तिसरा, आणखी वेगळी. प्रत्येक ठोका जवळजवळ रेषेतच हलतोय आणि प्रत्येकाची रेष निराळी. सगळे एकत्र केले की छान गोल! आम्ही शहाण्णव टक्के छापलं. खरा गोल भाग किती असेल? या डेटावरून नीट सांगता येत नाही, गणित ओढूनताणून चाळीसच्या आसपास जातं. पण चाळीस की वीस की साठ, छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. ते फक्त फिल्म सांगू शकली असती.

म्हणजे धवलचं सॅम्पल चांगलं होतं. मुलगा पहिल्यापासून बरोबर होता.

रडू आलं नाही. भूक लागली. शेव खाल्ली, पावशेर असेल.

१६ नोव्हेंबर

आईनं पकडलंच. काय बिघडलंय ते मला कळेल असं सांग म्हणाली. मी दोरीचं सांगितलं. दोरीचं एक टोक नळाला बांधलं आणि दुसरं हातात धरून वर-खाली हलवलं, तर ती एका रेषेत हलते. हात गोल फिरवला तर दोरी गोल फिरते. आम्ही म्हटलं आमची गोल फिरते. प्रत्यक्षात एकदा अशी, एकदा तशी, एकदा तिरकी हलत होती, आणि लांबून बघितल्यावर आम्हाला गोल वाटली. जवळ जाऊन बघायचं काम माझं होतं. मी गेले नाही आणि गेले असं लिहिलं.

आई चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिला कळायला वेळ लागला नाही. म्हणाली, "खाई त्याला खवखवे." मला वाटलं आता ओरडेल. तर तांदूळ निवडता निवडता म्हणते, दहा तारीख जाऊ दे. एकदा नेमणूक झाली की मग काय ते सांग. तोपर्यंत तोंड उघडू नकोस.

माझी आई! जिनं एका मुलीला कॉपी केली म्हणून पूर्ण वर्ष बसवलं होतं! चांगले तांदूळही ती खड्यांत टाकत होती. मला तिची कीव आली, आणि मग स्वतःची, आणि मग दोघींचा रागच आला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

धवलचा फोन. मेल पुरली नाही. आवाज अगदी कोवळा, मध्ये मध्ये घसा खाकरतो. म्हणाला, तेच सॅम्पल चार वेळा नव्यानं बनवलं, दर वेळी चांगलंच निघालं. आता स्वतःवरच भरवसा उरला नाही. समिती पाच डिसेंबरला आहे. मग म्हणाला, "मॅडम, तुमचा आकडा बरोबर आहे एवढं नुसतं लिहून दिलंत तरी चालेल. निदान माझंच चुकलं हे तरी मला नक्की कळेल."

मी म्हटलं, आठवडाभर दे.

काय करायला आठवडा? काय करणार आहे मी आठवड्यात?

२० नोव्हेंबर

अंजू! अंजू तिथं होती. पहिल्या दिवशी सेटिंग करताना तिनं फिल्म लावून पाहिली असेल, एखादी चाचणी, एखादी फाइल. काहीही असलं तरी चालेल. "हीच ती तपासणी" म्हणून देता येईल.

लिहिलं आणि वाचलं. हे मी लिहिलंय. चालेल म्हणे!

तरी तिला मेसेज केला. रविवारी येते म्हटलं. तिचं उत्तर, "आजा भिया! पोहे करते." तीन वर्षांनी.

२३ नोव्हेंबर, रविवार. धार

(परतीच्या बसमध्ये लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं.)

अंजू आणि मी एकाच गटात तीन वर्षं होतो. ती धारची, मी देवासची, आणि भेटलो कुठं, तर सात समुद्रांपलीकडे, एका थंडगार तळघरात. कंट्रोल रूममध्ये आम्ही मराठीत सुरू करायचो, हिंदीत शिव्या द्यायचो आणि कुणी विचारलं काय चाललंय, तर अंजू माळवीत "कंई नी", काही नाही, म्हणायची. प्रोफेसरांना पाठीमागे भिया. तिचे बाबा भगवंतराव शिलाई मशीन दुरुस्त करतात, चौकात छोटं दुकान आहे, आणि तिचा हात तिथं तयार झालेला. स्क्रू फिरवताना डोळे मिटायची! बांगडीचे सोळा डिटेक्टर तिनं एकटीनं जुळवले होते. मी सिद्धांतवाली. माझ्या हातून कप फुटतात.

२०२२च्या शेवटी ती सोडून आली. मला वाटलं, घरचं काही असेल. विचारलं नाही. माझा पेपर लिहून व्हायचा होता.

आता पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात आहे, सकाळच्या बसनं जाते. मी विचारलं, मशीनवर? नाही म्हणाली, कागदांच्या विभागात. गोळ्यांच्या प्रत्येक घाण्यामागे एक जाडजूड फाइल असते, प्रत्येक पायरीपुढे वेळ आणि सही. ती फायली बघते. मी म्हटलं, तू आणि फायली? ती हसली आणि पोह्यांवर शेव घालत राहिली.

अंगणात एक मशीन उघडून ठेवलेली होती. बाबांनी हाक मारली, अंजू, दोऱ्याचा ताण जरा बघ गं, मला आता दिसत नाही बारीक. तर म्हणाली, तुम्हीच बघा बाबा. उठलीच नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा खाली वाकले. मला विचित्र वाटलं ते.

मग मी विषय काढला. फिल्मचं काही आठवतं का म्हटलं. तिचा चमचा थांबला. "जुनी गोष्ट आहे मधू. सोड ना." मी सोडलं नाही, निर्लज्जासारखं. म्हटलं, एक मुलगा विचारतोय. पाचव्या शिफ्टला तू तिथं होतीस असं सांगशील, कुणी विचारलंच तर? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, होतेच की मी तिथं, सातपर्यंत. लगेच माझ्या बशीत आणखी पोहे वाढले. मी "तपासणी झाली असं सांग" हे तोंडातून काढू शकले नाही. एवढी लाज शिल्लक निघाली.

काम का सोडलंस, तेही विचारलं अखेर. म्हणाली, "मला कळून चुकलं की माझा हात मोजमापाचा नाही." मी म्हटलं, वेडी आहेस, तुझ्यासारखा हात कुणाचाच नव्हता. तिनं विषय बदलला. कारखान्याच्या गमती सांगायला लागली. म्हणे, गेल्या महिन्यात एकानं काम व्हायच्या आधीच रकान्यात "ठीक" लिहून ठेवलं, घाईत. काम नंतर झालंही, अगदी व्यवस्थित. तरी त्याच दिवशी गेटच्या बाहेर. मी म्हटलं, फार कडक. तर म्हणाली, कडक कसलं? गोळी खाणारा ती फाइल बघायला येणार आहे का? तो आमच्या "ठीक"वरच गिळतो ना.

तिला माहीत आहे का? मुद्दाम बोलली का? नाही, अंजू आडून बोलणारी नाही. माझंच मन.

निघताना डबाभर चिवडा दिला, आईसाठी. मी घेतला.

२४ नोव्हेंबर

एक आठवलं, उगाच. पाचव्या शिफ्टच्या दुसऱ्या दिवशी, गेस्ट हाऊसमध्ये, नाश्त्याला अंजूनं विचारलं होतं, फिल्मचं तुझं किती आलं? मी पावाला लोणी लावत होते. म्हटलं, "बरोबर आलं. शहाण्णव." तिनं अर्धा नाश्ता तसाच ठेवला. मला वाटलं झोप झाली नसेल.

म्हणजे खोटं दोनदा बोलले. प्रोफेसरांशी आणि अंजूशी. मोजत बसायला हवं एकदा.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत, रोडगे, तळी भरली. आईनं "येळकोट येळकोट" म्हटलं, मी "जय मल्हार" म्हटलं, घरात आम्ही दोघीच. भंडारा कपाळाला लावताना ती म्हणाली, दहा तारखेला हाच लावून जा.

धवलचा आठवडा काल संपला. त्यानं मेल केली नाही. माझी वाट बघणंही सोडलं वाटतं.

२८ नोव्हेंबर

सुट्या ठोक्यांचं गणित पुन्हा केलं, वेगळ्या पद्धतीनं. पुन्हा चाळीसच्या आसपास, पुन्हा खात्री नाही. कशालाच खात्री नाही. फक्त शहाण्णव नाही एवढं नक्की.

काहीही केलं तरी कुणीतरी मरतं. बोलले तर मी आणि आई. नाही बोलले तर तो पोरगा, आयुष्यभर स्वतःला नालायक समजणार. मला हे काही फार थोर वगैरे वाटून ठरवायचं नाहीये. मला फक्त आता या लपवाछपवीचा कंटाळा आलाय.

१ डिसेंबर, सोमवार

पाठवलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ लिहून ठेवतेय, काम झाल्यावर.

लिहिलं — पाचव्या शिफ्टची फिल्म-तपासणी झालीच नव्हती. बीम बंद असताना मी "ठीक" लिहिलं आणि नंतर बदललं नाही. विचारल्यावर झाली म्हटलं, ते खोटं होतं. सुटे ठोके बघता शहाण्णव हा आकडा चुकीचा आहे, खरा त्याच्या निम्म्याहून कमी असावा, किती ते मला सांगता येत नाही. धवलच्या प्रयोगात जे दिसलं त्याला त्याचं सॅम्पल जबाबदार नाही. पेपर मागे घ्यावा.

प्रोफेसरांना, मासिकाला, धवलला, त्याच्या गाइडना, आणि पेपरावर नाव असलेल्या सगळ्यांना. म्हणजे अंजूलाही. तिचं नाव तिसरं आहे. तिच्या नावालाही माझ्यामुळे डाग. तिच्यासाठी वेगळ्या दोन ओळी लिहायच्या होत्या, सुचल्या नाहीत.

आईला सांगितलं. तिनं उठून देवापुढचं पत्र काढलं, घडी केली आणि माझ्या कपाटात, साड्यांखाली ठेवलं.

३ डिसेंबर, बुधवार

प्रोफेसरांचं उत्तर, चार ओळी. पेपर मागे घेण्याची प्रक्रिया सुरू करतोय. इंदूरला दिलेली शिफारस आज मागे घेतली. यापुढचा पत्रव्यवहार कार्यालयामार्फत. खाली नुसतं आडनाव.

फिल्म राहू दे असं ते म्हणाले होते, हे त्यांना आठवतं का? मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं? आता काय फरक पडतो. "ठीक" माझ्या हातचं होतं.

४ डिसेंबर. दत्तजयंती

इंदूरचीही मेल आली. मुलाखतीला येण्याची आवश्यकता नाही. क्या बात है, किती सभ्य भाषा!

आई संध्याकाळी पाळण्याला गेली. मला चल म्हणाली नाही. तीन दिवस झाले, आम्ही फक्त मीठ आणि गॅस सिलिंडरबद्दल बोलतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

धवलची समिती आज. त्याची मेल — त्याला ठेवलं. गाइडनी सगळ्यांसमोर माफी मागितली म्हणे. पुढे लिहितो, "मॅडम, पण मी सोडायचं ठरवलंय. इतके महिने रोज स्वतःलाच खोटं म्हणत होतो. आता मशीनसमोर बसलो की हात पुढे जात नाही." शेवटी आभार. माझे आभार!

तर हे असं. वाचवलं कुणालाच नाही. सगळ्यांचं वाटोळं झाल्यावर मला खरं बोलायचं सुचलं. बैल गेला आणि झोपा केला.

६ डिसेंबर

क्लास. दोन बॅचेस. खडू संपला.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी अंजूचा मेसेज आला. एक फोटो, तिच्या जुन्या वहीच्या पानाचा. तिचं ते बारीक, एकसारखं अक्षर. वर तारीख, पाचवी शिफ्ट. वेळ १८:०५ ते १८:५०. चुंबक सरळ, चुंबक उलटा, सहा वेळा. खाली अधोरेखित: ३८ टक्के. त्याच्यापुढे दुसऱ्या पेनानं — "मधूचं ९६. माझंच चुकलं असणार."

आणि फोटोखाली एकच ओळ. "बाबांच्या मशीनचा ताण आज मी जुळवला."